लायसन्स सस्पेंड झालंय! थकलेल्या दंडासाठी सस्पेंड करणं बंद झालं होतं ना? तातडीने मदत हवी

हिंडफिऱ्या
मंडळी, घाईत लिहितोय. काल जुन्या घरमालकांनी माझ्या नावाच्या पत्रांचा गठ्ठा आणून दिला. त्यात लायसन्स सस्पेंड झाल्याचं पत्र निघालं, आणि तारीख उलटून दोन आठवडे झालेत! वाहतुकीच्या दंडाच्या एका तिकिटाचे पैसे राहिले असतील, मान्य. पण दंड थकला म्हणून लायसन्स काढून घ्यायचं नाही असा कायदा झालाय ना? मग हे पत्र आलंच कसं? मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन काम करतो. दिवसाला पाच-सहा घरं होतात, गाडीशिवाय जमणारच नाही. आज ऑनलाइन पैसे भरले तर सोमवारपर्यंत लायसन्स चालू होईल का? कोणी केलंय का हे?

सदूभाऊ
घाबरू नका. ई-चलन थकलं असेल तर लोकअदालतीची वाट बघा, तिथे तडजोडीत रक्कम बरीच कमी होते. माझ्या भाच्याची चार चलनं एका दिवसात मिटली.

पाऊलवाट
सदूभाऊ, हे भारतातलं वाटत नाही.
हिंडफिऱ्या, राज्य कुठलं ते लिहा आधी. अमेरिकेत याचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. आणि सस्पेन्शन लायसन्सचं आहे की गाडीच्या रजिस्ट्रेशनचं? इन्शुरन्समध्ये खंड पडला तर रजिस्ट्रेशनवर येतं, ते प्रकरण निराळं.

हिंडफिऱ्या
न्यूयॉर्क. लायसन्सचंच आहे, इन्शुरन्स चालू आहे. आधी शहरात क्वीन्सला राहायचो, आता शहराबाहेर हिक्सव्हिलला. पैसे भरू की नको एवढंच सांगा ना कोणीतरी.

बाराखडी
ह्यूस्टनचा अनुभव सांगतो. आमच्याकडे वाहतुकीच्या गुन्ह्यांवर दरवर्षी सरचार्ज लावायचे, थकला की लायसन्स सस्पेंड. तो कार्यक्रम १ सप्टेंबर २०१९ पासून रद्द झाला. मला वाटलं, सुटलो. पण एका जुन्या तिकिटाला मी उत्तरच दिलं नव्हतं, म्हणजे गुन्हा मान्य की अमान्य ते कळवलंच नव्हतं, त्यामुळे लायसन्सचं नूतनीकरण अडकलं. एक दार उघडलं तरी शेजारचं बंद असू शकतं. काय ते पैसे भरून टाका आणि मोकळे व्हा.

पाऊलवाट
थांबा, इतक्यात भरू नका!
पत्रात कारण कुठलं लिहिलंय? 'फेल्युअर टु पे' (पैसे भरले नाहीत) की 'फेल्युअर टु आन्सर' (तिकिटाला उत्तर दिलं नाही)? जसं छापलंय तसं उतरवून द्या. सगळं त्या एका शब्दावर आहे.

चक्रधर
मी वेगळं बोलणार, राग मानू नका. तिकीट घ्यायचं, पैसे भरायचे नाहीत आणि वर लायसन्सही हवं, हे मला पटत नाही. धाक नसेल तर दंड भरणार कोण? हे कायदे बदलले तिथेच चूक झाली.

रानजाई
चक्रधर, दारू पिऊन चालवलं तर लायसन्स आजही जातंच, त्याला कोणी हात लावलेला नाही. प्रश्न फक्त पैशाचा आहे. दोघांनी एकच चूक केली. एकाने त्याच दिवशी दंड भरला, तो गाडी चालवतोय. दुसऱ्याकडे पैसे नव्हते, त्याचं लायसन्स गेलं, पाठोपाठ नोकरी गेली, आता तो दंड भरणार कशातून? रस्त्याला धोका दोघांचा सारखाच होता. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये पैसे न भरल्याबद्दलचं सस्पेन्शन बंद केलं, व्हर्जिनियाने २०२० मध्ये. आणि ऐपत आहे का हे न तपासता केवळ दंड भरला नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितलंय. लायसन्सच्या बाबतीतही तोच न्याय हवा असं मला मनापासून वाटतं.

चक्रधर
तुरुंग आणि लायसन्स एक नाही. लायसन्स ही सवलत आहे.

रानजाई
बस तासाला एक येते अशा गावात राहून बघा, मग सवलत म्हणता येईल का ते सांगा. आणि सवलत म्हणून वाटेल तसं काढून घेता येतं असंही नाही. लायसन्स काढण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असा १९७१ चा निकाल आहे.

हिंडफिऱ्या
तुमचा वाद चालू द्या, पण माझं बघा आधी.
पत्रात 'फेल्युअर टु आन्सर अ समन्स' लिहिलंय. तिकिटं दोन होती, एकाच वेळी मिळालेली, ब्रुकलिनमध्ये, दोन महिन्यांपूर्वी. एक फोन हातात होता म्हणून, दुसरं लाल सिग्नलचं. फोनचं मी गुन्हा मान्य करून भरलं. मला वाटलं त्यात दोन्ही आली.

पाऊलवाट
आता चित्र स्पष्ट झालं. आधीच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.
न्यूयॉर्कचा कायदा ३१ डिसेंबर २०२० ला सही होऊन जून २०२१ च्या अखेरीस लागू झाला. त्याने दंड न भरल्याबद्दलचं सस्पेन्शन थांबवलं आणि हप्त्यांची सोय दिली. महिन्याचा हप्ता २५ डॉलर किंवा निव्वळ मासिक उत्पन्नाचे २ टक्के, यात जे जास्त असेल ते. पण तिकिटाला उत्तरच न देणं हे त्यात येत नाही. उत्तर दिलं नाही तर लायसन्स आजही सस्पेंड होतं. तुमचं तेच झालंय.
आता पैशांचं. पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. प्रत्येक गुन्ह्यामागे लायसन्सच्या रेकॉर्डवर पॉइंट जमा होतात. फोनचे ५ पॉइंट लागलेच आहेत, सिग्नलचे ३ धरून ८ होतील. १८ महिन्यांत ६ किंवा जास्त पॉइंट झाले की 'ड्रायव्हर रिस्पॉन्सिबिलिटी असेसमेंट' नावाची जादा आकारणी लागते. वर्षाला १०० डॉलर, सहाच्या वर दर पॉइंटला आणखी २५, अशी तीन वर्षं. म्हणजे तुम्हाला ४५० डॉलर, दंडाच्या वर. आणि ही रक्कम थकली तर लायसन्स अजूनही सस्पेंड होतं, नव्या कायद्याने तिला हात लावलेला नाही.

गोदाकाठ
सोपं आहे की. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करा, ४ पॉइंट कमी, इन्शुरन्सही १० टक्के उतरतो. मी दर तीन वर्षांनी करते.

पाऊलवाट
गोदाकाठताई, कोर्स चांगलाच आहे, पण तो या असेसमेंटमधून सोडवत नाही. तिथे पॉइंट पूर्ण धरतात.

बाराखडी
वकील करा मग. घासाघीस करून पॉइंट नसलेल्या कलमावर आणतात.

पाऊलवाट
हिक्सव्हिलजवळच्या कोर्टात तसं होऊ शकतं. ब्रुकलिन न्यूयॉर्क शहरात येतं, तिथलं तिकीट ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरो या सरकारी कार्यालयाकडे जातं आणि तिथे तडजोड होतच नाही. दोषी किंवा निर्दोष, एवढंच.

मोरपीस
एच-१बी (नोकरीचा व्हिसा) असेल तर लायसन्सची मुदत आय-९४ (इथे किती काळ राहता येईल त्याची नोंद) बघूनच मिळते ना? माझं पुढच्या महिन्यात संपतंय, मुदतवाढीच्या अर्जाच्या पावतीवर वाढवून मिळेल का?

रानजाई
मोरपीस, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. पण व्हिसावरून महत्त्वाचं आठवलं. हिंडफिऱ्या, आता गाडीला हात लावू नका. सस्पेंड असताना चालवणं न्यूयॉर्कमध्ये साधं तिकीट नसतं, फौजदारी गुन्हा होतो, अटकही होऊ शकते. व्हिसाच्या अर्जात अटक झाली होती का हे विचारतात. पत्र हातात आलंय, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं आता म्हणता येणार नाही.

हिंडफिऱ्या
हे वाचून पोटात गोळा आला. काल संध्याकाळीही चालवली आहे मी. मग करू काय?

पाऊलवाट
तिकीट नंबर टाकून बघा, अजून 'नॉट गिल्टी'चा (गुन्हा अमान्य) पर्याय दिसतो का? गैरहजेरीत दोषी ठरवून झालं असेल तर मार्ग वेगळा. दिसत असेल तर नॉट गिल्टी द्या, सुनावणी मागा, सस्पेन्शन उठवायचे ७० डॉलर भरा. आणि आजच पत्ता बदला. घर बदलल्यावर १० दिवसांत कळवायचं असतं.

चक्रधर
माझं मत कायम आहे, पण हा माणूस पैसे बुडवणारा नाही हे दिसतंय. हिंडफिऱ्या, त्या वेळी सिग्नल खरंच लाल होता का?

हिंडफिऱ्या
पिवळा होता, मी चौकात शिरल्यावर लाल झाला. सुनावणीत तेच सांगणार.
पर्याय दिसत होता. नॉट गिल्टी दिलं, ७० डॉलर भरले, पत्ता बदलला. सुनावणीची तारीख यायची आहे. रेकॉर्डवर अजून सस्पेंडच दिसतंय. ते जाईपर्यंत चावी बायकोकडे. सोमवारी तिने सुट्टी टाकली आहे, ती मला पेशंटकडे सोडेल. पाऊलवाट, तुमचे खूप आभार.

पाऊलवाट
रेकॉर्ड मोकळं झालं की त्याची प्रिंट गाडीत ठेवा. आणि तो गठ्ठा पुन्हा एकदा पूर्ण चाळा, आणखी एखादं पत्र असायचं.