ऑफिसला घालता येईल असा रेनकोट

कुर्त्यावर शोभेल असा ऑफिसचा रेनकोट कुठला घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. त्यावर, दिसायला छान हवा असेल तर विंडचीटर घ्या, असं कुणीतरी सुचवलंय. मुंबईसाठी मला हे अजिबात पटत नाही. भुरभुर पावसात विंडचीटर चालतो, पण जुलैच्या सरीत दादर स्टेशनबाहेर पडून टॅक्सी मिळेपर्यंत खांदे ओलेचिंब.

दुकानात कोट आधी उलटा करून बघा. आतल्या प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी. कापड कितीही भारी असलं तरी पट्टी नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपतंच, आणि बॅगेचा पट्टा खांद्यावर दाबतो तिथे सगळ्यात आधी. पट्टीचं टोक नखाने सुटत असेल तर तो कोट तिथेच ठेवा. लेबलवर ५,००० किंवा १०,००० मिमी असा आकडा असतो. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं. रोज बॅग अडकवणार असाल तर १०,००० वालाच घ्या. चेनवर झाकणपट्टीही हवी.

पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा कोट पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर सोडत नाही. लोकलच्या गर्दीत जीव नकोसा होतो! त्यापेक्षा पीयू कोटिंगचं (पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेलं) नायलॉन घ्या, पाठीला जाळीची खिडकी असलेलं.

तुम्ही कुर्त्यावर शोभेलसा विचारलाय, तर गुडघ्याखाली येणारा, थोडा घेरदार, कमरेला नाडी असलेला बघा. बाटली हिरवा किंवा मोहरी रंग फार सुंदर दिसतो, शिवाय चिखलाचे शिंतोडे पटकन डोळ्यांत भरत नाहीत.

घरी आल्यावर ओला कोट घडी करून ठेवू नका, पंख्याखाली वाळवा. इस्त्री तर नकोच.