‘५० हजारांत भरती अकॅडमी टाका’ म्हणणाऱ्याने आधी एक पावसाळा काढून दाखवावा

माणदेशी मास्तर
परवा एकाने टाकलेली पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. म्हणे, ‘गावाकडं मैदान फुकट, पोरं भरपूर. ५० हजारांत पोलीस भरती अकॅडमी टाका, महिन्याला लाख सुटतो. एक शिट्टी, एक स्टॉपवॉच, गोळाफेकीचा एक गोळा, बास.’ खाली दोनशे अंगठे.

मी दुष्काळी माण तालुक्यात सहा वर्षं अकॅडमी चालवतोय. २०१८ ला स्वतः दोन मार्कांनी हुकलो, म्हणून या धंद्यात. हो, धंदाच म्हणतो. माझा हिशेब ऐका. भरतीची जाहिरात निघाली की ९० पोरं. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, संपलं की १४. २०२२ पासून पोलिसांनी मैदानी आधी आणि लेखी नंतर केली. त्यामुळे ग्राउंड निघालेली पोरं दुसऱ्या दिवशी पुण्याच्या अभ्यासिकेत, न निघालेली घरी. माझ्याकडं कोण? लष्कराचं बरोबर उलटं, २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी. म्हणजे ती पोरं आधी क्लासवाल्याकडं जातात आणि अग्निवीरची चारच वर्षांची नोकरी बघून निम्मी तिथूनच माघारी फिरतात.

खोल्यांचं भाडं मात्र बारा महिने. मेसचा १९ किलोचा सिलिंडर बारा महिने. उधारीच्या वहीतलं एक पान सांगतो: ‘नोव्हेंबर जमा २०००, बाकी ४५००, आईला फोन केला, ऊसतोडीला गेलीय.’ आता पुढं काय लिहू त्या पानावर?

खाकीवेडा
मास्तर, रडगाणं छान. आता आमचं ऐका. तीन वर्षांत दोन अकॅडम्यांत सराव केला, फीत एक लाख दहा हजार घातले. एका फ्लेक्सवर निवड झालेल्या २२ पोरांचे फोटो होते. त्यातला एक माझ्या मामाच्या गावचा. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘मी तिथं फक्त आठ दिवस डेमोला गेलो होतो.’ त्याचा तोच फोटो, तोच चॉकलेटी शर्ट, तालुक्यात तीन फ्लेक्सवर. तुमच्या फ्लेक्सवर किती आहेत?

माणदेशी मास्तर
अकरा. सगळे माझे. या आणि विचारा.

निवृत्त सुभेदार
मूळ दुखणं वेगळं आहे. स्वतः भरती न झालेला पोरगा दुसऱ्याला भरती करायला निघतो. शिट्टी वाजवली म्हणजे कोच होत नाही. पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स तरी किती जणांनी केलाय? पहिल्याच आठवड्यात पोराला डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर पळवतात, महिन्यात नडगी धरून बसतो. मग गोळ्या, मग इंजेक्शन.

आणि अकॅडमीच कशाला पाहिजे? अविनाश साबळे कुठल्या अकॅडमीत होता? मांडव्याचा पोरगा, बारावी करून महार रेजिमेंटला गेला, तिथं पळायला लागला.

पुणेरी जिमवाला
सुभेदारसाहेब, म्हणजे लष्करानेच घडवला ना? कोच, खुराक, मैदान सगळं सरकारी. ती जगातली सगळ्यात मोठी अकॅडमी झाली. उदाहरण उलटं पडलं तुमचं.

मास्तरांना एक सांगतो. मोसमी धंदा आहे तर बारमाही गिऱ्हाईक जोडा. सकाळी सहा ते सात गावातल्या शुगरवाल्यांची बॅच घ्या. माझ्याकडं जानेवारीत भरणारे फेब्रुवारीत गायब होतात, पण वर्षाचे पैसे आधीच आलेले असतात.

माणदेशी मास्तर
आमच्याकडचे शुगरवाले सहा वाजता धारा काढत असतात, साहेब.

खाकीवेडा
विषय बदलू नका. पैसे निकालानंतर घ्या. भरती झाला तर दुप्पट घ्या, देतो. केंद्राने जानेवारी २०२४ ला कोचिंगची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, मधेच सोडलं तर उरलेली फी दहा दिवसांत परत. मला एक रुपया मिळाला नाही.

पुणेरी जिमवाला
त्या तत्त्वांच्या व्याख्येत खेळ वगळलेत. नीट वाचा.

खाकीवेडा
लेखीचा क्लास पण तेच घेतात! सकाळी खेळ, दुपारी कोचिंग, आणि पैसे परत मागितले की परत खेळ.

वर्दीतली ताई
मी आता वर्दीत आहे, अकॅडमीतूनच गेले, म्हणून उपकार विसरत नाही. पण २०२४ ला १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो असतात, बाकीच्यांचा हिशेब कोण देतं?

आम्ही नऊ मुली होतो. पहाटे साडेचारला हायवेच्या कडेने पळायचं, मागून ट्रकचा लाइट. बाथरूम एक, तेही पोरांच्या खोल्यांच्या पलीकडं. शिकवायला एक बाई नाही. धावपटू ललिता बाबरचा फोटो मात्र दारात मोठा! आणि खरी फसवणूक मैदानाची होती. सरांनी २०० मीटरचा ट्रॅक सुतळीने मोजला होता. माझे ८०० मीटर तिथं २ मिनिटे ४५ सेकंदांत व्हायचे, म्हणजे २० पैकी २०. भरतीच्या दिवशी पायाला वेळ मोजणारी चिप बांधली आणि तेच पाय ३ मिनिटांच्या वर गेले. गोळाफेकीच्या मार्कांमुळं वाचले. नंतर टेपने मोजला तर ट्रॅक १८७ मीटर.

खाकीवेडा
ताई, गोळ्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा. अकॅडमीत माझा साडेआठ मीटर जायचा, पंधराच्या पंधरा मार्क. ग्राउंडला गेल्यावर साडेसात. परत आल्यावर अकॅडमीचा गोळा पिशवीत घालून किराणा दुकानात नेला. काट्यावर ठेवला. ६ किलो ८१०.

निवृत्त सुभेदार
किराण्याचा काटा म्हणजे काय पुरावा झाला का?

काटा बरोबर
का हो सुभेदारसाहेब? मी किराणावाला आहे. माझ्या काट्यावर दरवर्षी वैधमापनवाले शिक्का मारून जातात, पैसे भरून. अकॅडमीच्या गोळ्यावर कोण शिक्का मारतं?

निवृत्त सुभेदार
तुमच्याबद्दल बोललो नाही. पण शेंगदाण्याच्या काट्यावर लोखंड ठेवायचं म्हणजे.

काटा बरोबर
किलो हा किलोच असतो. शेंगदाण्याचा वेगळा नसतो.

पुणेरी जिमवाला
हलक्या गोळ्याने सराव करणं चूक नाही पण. हाताला वेग येतो. मोठे फेकणारे हलका, भारी दोन्ही वापरतात.

खाकीवेडा
ते त्यांना माहीत असतं की हा हलका आहे! मला साडेआठचा आकडा दाखवून पुढच्या तीन महिन्यांची फी घेतली.

माणदेशी मास्तर
वापरून वापरून गोळा झिजतो थोडा. त्यात लगेच फसवणूक कशाला बघता?

काटा बरोबर
साडेचारशे ग्रॅम झिजला? मास्तर, माझ्या आजोबांची पाच किलोची लोखंडी वजनं अजून दुकानात आहेत, चाळीस वर्षं घासतोय.

मेसवाली काकू
एवढा वेळ वाचतेय. कुणीतरी जेवणाचं बोला. मी दोन अकॅडम्यांना डबे देते. घरून पैसे आले नाहीत की पोरगं सकाळी चहा-बिस्किटावर पळतं आणि मला म्हणतं, ‘काकू, आज भूक नाही.’ भूक नाही म्हणणारं पोरगं सोळाशे मीटर पळून आलेलं असतं. गोळा कितीचा आहे ते नंतर मोजा. आणि मास्तर, तुम्ही बरे आहात, पण तुमच्यासारख्याच एकाकडं माझं मार्चपासूनचं येणं बाकी आहे.

माणदेशी मास्तर
काकू, त्याचंही पोरांकडं बाकी असेल. पैसा खालून वर येतच नाही, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

खाकीवेडा
सांगताय ते कळलं. धंदा अवघड आहे, मान्य. मग करू नका. तुम्हाला कुणी पेढे देऊन बोलावलं नव्हतं.

माणदेशी मास्तर
तुला तरी कुणी बोलावलं होतं? तीन वर्षं घरच्यांच्या जिवावर पळत होतास, दोष गोळ्याचा. दोन अकॅडम्या बदलल्या, पहाटे वेळेवर कितीदा उठलास?

वर्दीतली ताई
सर, हे बरोबर नाही. तुम्ही दोन मार्कांनी हुकलात तेव्हा तुम्हाला कुणी असं विचारलं असतं तर?

माणदेशी मास्तर
चुकलं. शब्द मागे घेतो. दादा, राग मानू नको.

खाकीवेडा
राग नाही. पण तुमचा गोळा कितीचा आहे ते सांगा.

माणदेशी मास्तर
दुकानातून बिल घेऊन आणलाय, ७.२६० चाच आहे.

काटा बरोबर
बिलावर काय, आमच्याकडं पण पोत्यावर ५० किलो लिहिलेलं असतं.

माणदेशी मास्तर
(दुसऱ्या दिवशी) सकाळी बाजारपेठेत नेला. शिक्क्याच्या काट्यावर. ७ किलो १४०. १२० ग्रॅम कमी. नवीन मागवलाय, १४ पोरांना सांगूनही टाकलं. झालं समाधान?

वर्दीतली ताई
झालं, सर. आणि ट्रॅक मोजलात?

माणदेशी मास्तर
इकडं पाऊस लागलाय.

काटा बरोबर
माणमध्ये?