बॅटरीविना चालणारा ट्रिप ३५

पहिला फिल्म कॅमेरा कोणता घ्यावा, या प्रश्नावर कॉन्टॅक्स टी२ या कॅमेऱ्याची शिफारस झाली आहे. लेन्स सुरेखच, वाद नाही. पण तो १९९० सालचा इलेक्ट्रॉनिक जीव. सर्किट गेलं की सुटे भाग शोधत फिरा. पहिलाच फिल्म कॅमेरा असेल तर मी ऑलिंपस ट्रिप ३५ घेईन. बॅटरीच लागत नाही, लेन्सभोवतीचा, उजेड मोजणारा सेलेनियम सेल उजेडावरच चालतो. जुना कॅमेरा घेण्याआधी लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग 'ए'वर (ऑटो) ठेवून रोल पुढे सरकवायचं चाक फिरवा. लेन्स तळहाताने झाकून बटण दाबलं की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी येऊन शटर अडायला हवं, भर उजेडात मात्र उडायला हवं. उन्हातही पट्टी दिसली तर सेल मेलाय, सोडून द्या. मागच्या दाराचा, उजेड आत येऊ न देणारा फोम चिकट झालेला असतोच, त्यावर फक्त भाव पाडा!