हत्तीरोग: रक्ताच्या काचपट्ट्या वाया जातात, गोळ्या घरीच पडून राहतात

उपकेंद्र_विदर्भ: रात्रीच्या रक्तनमुन्यांपैकी बऱ्याच पट्ट्या ‘वाचता येत नाही’ म्हणून परत येतात. गोळ्या वाटल्या जातात, पण खाल्ल्या जातात का? आणि पाय सुजलेल्यांच्याच पट्ट्या निगेटिव्ह कशा?

जाडपट्टी: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. पाय सुजेपर्यंत रक्तातले सूक्ष्मकृमी (हत्तीरोगाच्या जंतांची पिल्ले) बहुधा संपलेले असतात. ते सापडतात धडधाकट दिसणाऱ्यांत, म्हणून त्यांचेच रक्त घ्या. वेळ रात्री साडेआठ ते बारा. दिवसा हे कृमी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात.

२० घनमिलिमीटरचे तीन थेंब, म्हणजे ६०. बोट स्पिरिटने पुसल्यावर पूर्ण वाळू द्या, नाहीतर रक्त तिथेच गोठून बसते. थर फार जाड झाला तर धुताना पापुद्रा निघतो. पट्टी रात्रभर आडवी, झाकून वाळवा. उघडी राहिली की मुंग्या आणि झुरळे साफ करतात. मग आधी साध्या पाण्यात रक्ताची लाली उतरवायची, वाळवायची आणि त्यानंतरच थर पक्का करायला मिथेनॉल. हा क्रम उलटला की रक्त पक्के बसते आणि खाली काहीच दिसत नाही. पट्ट्या परत येण्यामागे बहुधा हेच असते.

आशा_गटप्रवर्तक: गोळ्या हातात देऊन निघू नका, समोर गिळवा. डीईसी (हत्तीरोगाचे मुख्य औषध) १०० मिग्रॅच्या गोळ्या: २ ते ५ वर्षे १, ६ ते १४ वर्षे २, पुढे ३. आयव्हरमेक्टिन हे दुसरे औषध वयावर नाही, उंचीवर; उंची मोजायची पट्टी भिंतीला चिकटवून मोजा, अंदाजाने नको. अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी चावून खायची. उपाशीपोटी अजिबात नाही, म्हणून जेवणानंतरची फेरी बरी. दोन वर्षांखालची मुले, गरोदर आणि गंभीर आजारी यांना वगळा.

दुसऱ्या दिवशी ताप, डोकेदुखी आली की गावात बोंब होते आणि उरलेली वस्ती नकार देते. कृमी मरताना असे होते, हे गोळी देण्याआधीच सांगा. पॅरासिटामॉल जवळ ठेवा.

पायसेवा: सुजलेल्या पायांना विसरू नका. पाय धुवायला टब, मग, साबण, टॉवेल. पाणी साधे, गरम नाही. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, चोळायच्या नाहीत. तिथे चीर किंवा बुरशी दिसली तर मलम. पाय लालभडक होऊन ताप आला तर पायाचा व्यायाम बंद, थंड पाण्याची पट्टी, आणि त्याच दिवशी डॉक्टर. हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठून सूज) असेल तर शस्त्रक्रियेसाठी ग्रामीण रुग्णालयात नाव पाठवा. लाजेपायी पुरुष सांगत नाहीत, विचारावेच लागते.