गावठाणातलं जुनं घर, पुढे दुकान, मागे भाडेकरू: कोणता कागद कुठे मिळतो?

ओटाघर:
नमस्कार मंडळी. नगरपरिषद हद्दीत, जुन्या गावठाणात आजोबांचं घर आहे. सिटी सर्व्हे झालेला आहे. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव, घरपट्टी मात्र वडिलांच्या नावाने येते. वडील हयात आहेत, दोन आत्या आहेत. पुढच्या खोलीत शिवणकाम आणि कटलरीचं छोटं दुकान काढायचं आहे, मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत.

चौकशीला गेलं की कुणी तलाठ्याकडे पाठवतं, कुणी नगरपरिषदेत, कुणी दुय्यम निबंधकाकडे. नाव नक्की कुठे लावायचं? रस्तारुंदीत घर जातंय का, हे कुठे कळेल? दुकानाला आणि भाडेकरूला काय काय लागतं? एजंट न लावता हे सगळं जमेल का?

कप्रत:
जमेल. आधी तलाठी बाजूला ठेवा. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे.) नगर भूमापन (म्हणजेच सिटी सर्व्हे) झालेल्या जागेचा अधिकार अभिलेख म्हणजे मालमत्ता पत्रक, आणि ते उपअधीक्षक भूमी अभिलेख किंवा नगर भूमापन अधिकारी यांच्या कार्यालयात असतं. तिथे सातबारा शोधून काही हाती लागत नाही.

घरपट्टीवर वडिलांचं नाव आहे म्हणून काम झालं, असं धरू नका. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. घरपट्टीचा उतारा इतकंच सांगतो, की कर कोणाकडून वसूल करायचा. मालकी त्यातून सिद्ध होत नाही. मालमत्ता पत्रकावरची नोंदसुद्धा विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, तेवढंच तिचं बळ. मालकी येते ती मूळ दस्तातून किंवा वारसाहक्कातून.

वारस नोंदीसाठी आजोबांचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि चालू मालमत्ता पत्रक जोडून अर्ज द्या. आजीच्या मृत्यूची तारीखही वंशावळीत हवी. त्या आजोबांच्या नंतर गेल्या असतील तर त्यांचाही मृत्यू दाखला लागेल. आत्यांची नावं घालावीच लागतील, लग्न होऊन कितीही वर्षं झाली असली तरी. "त्यांना काही नको आहे" म्हणून वंशावळीतून वगळलं तर नोंद पुढे रद्द होऊ शकते, आणि प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं ते वेगळंच. अर्जानंतर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मगच फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, प्रमाणित होतो. नोटिसा परत आल्या की प्रकरण तिथेच अडकतं, म्हणून आत्यांचे आजचे पत्ते द्या.

त्याच खेपेत चौकशी नोंदवहीच्या उताऱ्याची नक्कल मागा. भूमापन झालं त्या वेळी जागा कोणाकडे आणि कोणत्या हक्काने होती, सामाईक बोळ किंवा भिंत कोणाची, हे त्यात सापडतं. पत्रकावरचा 'सत्ता प्रकार' रकानाही वाचा. तिथे 'ब' असेल तर जागा बहुधा शासनाने अटींवर दिलेली असते, हस्तांतराला परवानगी लागते का ते आधी विचारा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं आणि जुन्या दस्तात चौरस फूट किंवा वार. १ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट. दोन्ही आकडे जुळवून बघा. फरक मोठा निघाला तर मोजणी करून घ्या आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात ठेवा.

दस्तशोध:
वर म्हटलंय ते बरोबर. त्यात शोधाची भर घालतो.

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो तो, घरबसल्या दिसतो. मुंबईबाहेर साधारण २००२ नंतरचेच दस्त तिथे मिळतात. त्याआधीचं हवं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात शोध फी भरून वर्षवार शोध घ्यावा लागतो.

"काहीच नोंद नाही" असं दिसलं तर लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. शोध मिळकतीच्या क्रमांकावर चालतो आणि एकाच घराला तीन क्रमांक असू शकतात: सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर), भूमापनाआधीचा सर्व्हे नंबर आणि नगरपरिषदेचा घर क्रमांक. दस्त लिहिणाऱ्याने ज्याचा उल्लेख केला असेल त्यावरच तो सापडतो. तिन्ही टाकून बघा आणि प्रत्येक वर्ष वेगळं तपासा.

इंडेक्स टू हा फक्त गोषवारा आहे. त्यावरचा दस्त क्रमांक आणि वर्ष घेऊन पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल मागवा. अटी आणि चतु:सीमा त्यातच असतात. घरावर कर्ज आहे का हे बघताना नुसत्या नोंदवलेल्या गहाणखतावर थांबू नका. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाचं गहाणखत नोंदवलेलं नसू शकतं. त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सूचना, नोंदणी कार्यालयात दाखल होते, तीही शोधा.

ओटाघर:
आभार. आत्या हक्क सोडायला राजी आहेत. वकिलाकडे नोटरी केलेलं हक्कसोडपत्र चालेल का? आणि रस्तारुंदीचं राहिलं.

दस्तशोध:
नोटरी चालणार नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं, नाहीतर त्यावर फेरफार होत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत बहिणीने भावाच्या नावे मोबदला न घेता हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये आहे. दस्तात "मोबदला" म्हणून रक्कम लिहिली की हिशेब बदलतो, मग खरेदीखतासारखं शुल्क लागू शकतं. क्रम असा ठेवा: आधी वारस नोंद, सगळ्यांची नावं पत्रकावर, मग हक्कसोड, मग त्याचा फेरफार. शेवटी नगरपरिषदेत कर नोंदवहीतलं नाव. तो वेगळा अर्ज आहे, आपोआप काही बदलत नाही.

रस्तारुंदीसाठी नगरपरिषदेच्या नगररचना विभागाकडे सि.स.नं. देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. दोन्ही हवेत. झोन दाखल्यात "निवासी" एवढंच येईल. आखलेली रस्त्याची रेषा तुमच्या ओट्यावरून जाते की नाही, ते भाग नकाशावर दिसतं. शटर बसवायचा खर्च त्यानंतर करा.

शटर_अर्धं:
दुकानाचं सांगतो.

वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली नोंदणी दाखला लागत नाही, फक्त सूचना द्यायची असते. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ती ऑनलाइन भरायची आणि पावती जपून ठेवायची. लोक अजून याला गुमास्ताच म्हणतात. पाटीसह दुकानाचा फोटो लागतो, त्यामुळे पाटी आधी तयार करा. पाटीवर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला, आणि त्याचा टाइप इतर लिपीपेक्षा लहान नको. छोट्या दुकानांनाही हे लागू आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल पुरतो. शोधल्यावर वर येणारी बरीच संकेतस्थळं सरकारी नसतात आणि हजार-दोन हजार रुपये "फी" घेतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, हे बघूनच आधार क्रमांक टाका. चालू खात्यासाठी बँक एकल मालकीच्या धंद्याचे दोन पुरावे मागते. दुकानाच्या सूचनेची पावती आणि उद्यम प्रमाणपत्र मिळून ते काम होतं.

वीज: घराच्या एका भागात धंदा असेल, महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असेल आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटच्या आत असेल तर महावितरणचा निवासी दर चालतो. शिलाई मशीन, इस्त्री आणि दिवे यात सहज बसतात, पण मागचा भाडेकरू त्याच मीटरवर असला तर नाही. भाडेकरूला वेगळं मीटर किंवा किमान उपमीटर द्या. मर्यादा ओलांडून गुपचूप निवासी दरावर राहिलं तर विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. (उद्या कोणी गिरणी टाकायचं सुचवलं तर ध्यानात ठेवा, पिठाच्या गिरणीला औद्योगिक दर आहे.)

घरपट्टीत त्या खोलीचा वापर बिगरनिवासी म्हणून स्वतःहून कळवा. पुढच्या पाहणीत सापडलं तर मागच्या वर्षांचा फरक एकदम भरावा लागतो.

कप्रत:
भाडेकराराचं राहिलं. ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंद नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात.

खर्चाचा अंदाज असा. भाडं महिना ६,००० म्हणजे ११ महिन्यांचे ६६,०००. अनामत ३०,०००, त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून ११ महिन्यांचे २,७५०. एकूण ६८,७५०, त्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे पावणेदोनशेच्या आत. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. याशिवाय दस्त हाताळणी शुल्क. ऑनलाइन नोंदणीत बोटाचा ठसा आणि आधार जुळावा लागतो. वयस्कर मालकांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून वडिलांचं आधार बायोमेट्रिक आधी अद्ययावत करून घ्या. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही कळवा.

झोन दाखला, भाग नकाशा, कर उतारा, वारसाहक्काने कर नोंद या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहेत. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर करा किंवा पोचपावती घ्या, तरच मुदत मोजता येते. मुदत उलटली किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील. जुनी फाइल "सापडत नाही" असं उत्तर मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. सि.स.नं., फेरफार क्रमांक, वर्ष लिहा आणि अभिलेख पाहणीचीही मागणी करा. वही समोर उघडली की हवं ते पान स्वतः दाखवून नक्कल घेता येते.