सल्ला हवा: ५०६० टीआय साधं घ्यावं की 'ओसी'वालं?

अकोल्याची_रेंडरवाली
नमस्कार मंडळी. पीसीत ग्राफिक्स कार्ड बदलायचंय. आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी मेमरीचं, इथवर ठरलंय. गाडी पुढे अडलीय. नागपुरात सीताबर्डीला जाऊन आले. दुकानदाराने एकाच कंपनीची दोन कार्डं काउंटरवर ठेवली. एक दोन पंख्यांचं साधं, दुसरं तीन पंख्यांचं, डब्यावर ठळक 'ओसी' (ओव्हरक्लॉक, म्हणजे वेग वाढवलेलं). साध्याचा बूस्ट क्लॉक (चिपचा छापील वेग) २५७२ मेगाहर्ट्झ, ओसीचा २६४७. फरक साडेपाच हजारांचा. "ताई, हे कंपनीतूनच फास्ट होऊन येतं, डोळे झाकून घ्या," इति दुकानदार.

बाकी मशीन: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), जुनं कॅबिनेट, पुढे एकच पंखा. दिवसा ब्लेंडर सॉफ्टवेअरवर थ्रीडी रेंडर, रात्री धाकट्या भावाचे गेम. खोलीत एसी नाही, आणि आमचा मे महिना तर तुम्हाला माहीतच आहे. साडेपाच हजार वाचवू की घालू?

गेमर_सातारकर
ओसी घ्या. एकदाच घेतो माणूस. विकताना पण बरा भाव येतो.

जुना_सोल्डर
सातारकर, विकताना गिऱ्हाईक आधी जीबी विचारतं आणि मग वॉरंटी किती उरली ते. मेगाहर्ट्झ विचारणारा मला आजवर भेटला नाही.

ताई, आधी आकडे बघू. २५७२ आणि २६४७ मध्ये फरक ७५ चा, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. साध्या कार्डावर गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालत असेल, तर ओसीवर फार तर पावणेबासष्ट. तुमच्या ब्लेंडरची एक फ्रेम (एक चित्र) रेंडर व्हायला दहा मिनिटं खात असेल, तर सतरा-अठरा सेकंद वाचतील. तेही सगळा भार चिपवरच असेल तर, कारण अशा कार्डांवर मेमरीचा वेग सहसा वाढवलेला नसतो.

आता गंमत अशी, की डब्यावरचा आकडा कार्ड तसंही पाळत नाही. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची (या कार्डांची चिप बनवणारी कंपनी) कार्डं आपला वेग आपणच ठरवतात. चिप थंड आहे आणि वॉट शिल्लक आहेत असं दिसलं की छापलेल्या बूस्टच्याही वर जातात. तापली, की थोडी थोडी खाली उतरतात. त्यामुळे थंड राहिलेलं साधं कार्ड तापलेल्या ओसी कार्डाच्या पुढे जाऊ शकतं. तुमच्या त्या दोन डब्यांत खरा फरक तिसऱ्या पंख्याचा आणि त्याच्याखालच्या जाड हीटसिंकचा (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पात्यांचा) आहे. 'ओसी' ही दोन अक्षरं त्यावरची झालर.

म्हणून दुकानदाराला एकच विचारा: तीन पंख्यांचंच, पण बिनाओसीचं आहे का? कित्येक मॉडेलं अशी जुळी निघतात. तोच पंखा, तोच पत्रा, फरक फक्त बायॉसमधल्या (कार्डात भरलेल्या मूळ सेटिंगमधल्या) एका आकड्याचा. तो आकडा आफ्टरबर्नर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही स्वतः दोन मिनिटांत वाढवू शकता.

पंख्याखाली_पुणेकर
जुना_सोल्डर यांच्याशी सहमत, पण दोन पंखेवाल्यांना अगदीच मोडीत काढू नका. माझं ४०६० टीआय दोन पंख्यांचंच आहे. पहिल्या उन्हाळ्यात रेंडरला ७८ अंशांवर जायचं आणि पंखे असे घोंघावायचे की बायको विचारायची, मिक्सर चालू आहे का. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा) १०० वरून ८५ टक्क्यांवर आणली. तापमान ७१, आवाज निम्मा. वेग किती गेला ते घड्याळ लावून पाहिलं, तर आठ मिनिटांच्या फ्रेमला बारा सेकंद जास्त. म्हणजे ओसीच्या नावाखाली जेवढं विकतात, जवळजवळ तेवढंच मी उलट्या दिशेने सोडून दिलं आणि सुखात आहे.

तक्रार एकच. डाव्या पंख्याचं बेअरिंग वर्षभरात खडखडायला लागलं. सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) पाच आठवडे कार्ड ठेवून घेतलं. तेव्हा साडेपाच हजार कुठे घालायचेच असतील, तर ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे तिच्याकडे घाला.

आणि कॅबिनेट मोजलंत का? तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या आसपास जातात. जुन्या कॅबिनेटात हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो. टेप घेऊन मागच्या पट्टीपासून पिंजऱ्यापर्यंत मोजा, मगच पैसे द्या.

अकोल्याची_रेंडरवाली
मोजलं. २८५ भरतंय. :( पिंजरा स्क्रूने सुटतो का बघते. एसएमपीएसचं काय? एनव्हिडिया ६०० वॉट सांगते म्हणे.

जुना_सोल्डर
कार्ड १८० वॉटचं, तुमचा रायझन पूर्ण भारावर ७६, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ. एसएमपीएस बऱ्या कंपनीचा असेल तर ५५० पुरतो. ते ६०० कशाही एसएमपीएसला धरून सांगितलेले असतात. आठ पिनची केबल त्यातूनच आलेली हवी, जोडपट्टी लावून ओढू नका.

एक राहिलं. कार्ड आणि बोर्ड यांच्यात डेटा जातो तो पीसीआय एक्स्प्रेसच्या लेनमधून. हे कार्ड आठच लेन वापरतं आणि तुमचा बी४५० तिसऱ्या, म्हणजे जुन्या आणि हळू पिढीचा. ८ जीबीवालं घेतलं असतंत, तर कार्डाची मेमरी भरल्यावर उरलेला डेटा याच अरुंद वाटेने आणावा लागून मार बसला असता. १६ जीबी घेताय तेच बरोबर.

इतिहासप्रेमी_चिप
अवांतर: 'ओसी'ला एके काळी खरंच अर्थ होता. २०१८ च्या ट्युरिंग पिढीच्या कार्डांत एनव्हिडिया कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना दोन प्रतीच्या चिपा विकायची. कारखान्यातून वेग वाढवून विकायची मुभा फक्त वरच्या प्रतीच्या चिपेला. ओसी म्हणजे निवडक चिप, हे समीकरण तेव्हाचं. पुढच्याच वर्षी तो भेद बंद झाला, दुकानदारांच्या तोंडी मात्र तो अजून आहे.

वऱ्हाडी_वॉट
ताई, मी पण अकोल्याचाच. कार्ड कोणतंही घ्या, पण आपला खोलीतला कूलर कॅबिनेटाच्या तोंडासमोर लावू नका बाप्पा. मी लावला होता, गार हवा मिळेल म्हणून. जूनमध्ये उघडलं तर स्लॉटच्या कडेला हिरवट गंज. कूलर खिडकीत, पीसी समोरच्या भिंतीला, आणि कॅबिनेटला मागून हवा ओढणारा एक पंखा. पाचशे-सहाशे रुपयांत काम होते.

अकोल्याची_रेंडरवाली
पिंजरा सुटला, आता ३९० मिळतात! तीन पंख्यांचं बिनाओसीचं दुकानात नव्हतं, पण मागवून देतो म्हणाला. साध्यापेक्षा अठराशे जास्त. सर्व्हिस सेंटर नागपुरातच आहे, पुणेकरांच्या सांगण्यावरून जाऊन पाटी बघून आले. गुरुवारी येतंय. भाऊ विचारतोय, डब्यावर ओसी लिहिलेलं नसेल तर मित्रांना काय दाखवू.