अ‍ॅप म्हणते १२००. माझा आकडा नेमका किती?

जायांची वेणी (१४ जून, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. वय ४३, उंची पाच फूट एक इंच म्हणजे १५५ सेंटिमीटर, वजन ७२. राहते म्हार्दोळला, नोकरी पणजीत, तीही खुर्चीतली. सकाळी पावणेआठची बस आणि घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा. घरात चार माणसे: मी, नवरा, कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. थायरॉइड आणि साखर मार्चमध्ये तपासून घेतली, दोन्ही ठीक.

एप्रिलअखेरीस मोबाइलवर कॅलरी मोजायचे एक अ‍ॅप घेतले. वय, वजन, उंची विचारून झाल्यावर त्याने विचारले, आठवड्याला किती कमी करायचे? पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. मी एकावर बोट ठेवले. पाव किलोवर कोण ठेवणार! लगेच उत्तर आले, दिवसाला १२००. गंमत म्हणजे ऑफिसात आम्हा तिघींना १२००च आले. एकीचे वजन ६४, दुसरीचे ८०.

पहिल्या दोन आठवड्यांत दोन किलो गेले. मी खूश. मग काटा थांबला तो थांबलाच, आणि आता तर पुन्हा ७२. सकाळी पोदेराची म्हणजे पाववाल्याची अर्धी पोई (गव्हाचा पाव) आणि बिनसाखरेचा चहा. डब्यात मूठभर भात, भाजी. चारनंतर हात थरथरायला लागतात. गेल्या मंगळवारी बसस्टँडवर डोळ्यांपुढे अंधारीच आली. भजीवाल्याने बसायला स्टूल दिले. मी बसले, पाणी प्यायले, आणि त्याच्याकडून मिरची भजीची पुडी घेतली. पाच होती. बस यायच्या आत संपली. हे अ‍ॅपमध्ये लिहिले नाही, तुम्हाला म्हणून सांगते.

रात्रीचे तर विचारूच नका. सध्या पावसाळ्यामुळे मासेमारी बंद, त्यामुळे पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचा) डबा उघडलाय. सासूबाई सुक्या बांगड्याचे किसमूर (कोरडी कोशिंबीर) करतात, त्यात भरपूर खोबरे, कांदा, सोले (आमसुले). वर हुमण, म्हणजे नारळ घातलेली माशाची आमटी. दिवसभर उपाशी माणूस त्या ताटापुढे बसला की काय होते ते वेगळे सांगायला नको.

महिनाभर केसही खूप गळतात. मोरीच्या जाळीवर रोज गुंता सापडतो. ऑफिसखालच्या जिममधला मुलगा म्हणतो, ‘मॅडम, बॉडीला सवय झाली, आता १००० करा.’ करू का? की १२००च चुकीचे आहे? आणि मुळात माझा आकडा कसा काढायचा?

मडगावची आहारवाली (१५ जून, सकाळी ८:१५)

ताई, १००० अजिबात करू नका. त्या मुलाला नमस्कार सांगा आणि पुढे चला.

मी हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिघींना १२०० आले यातच उत्तर आहे. तो तुमचा आकडा नाहीच, ती अ‍ॅपने घातलेली खालची लक्ष्मणरेषा आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. आठवड्याला एक किलो हवे तर रोज ११०० कमी पडायला हव्यात. तुम्हाला दिवसाला १७००च्या आसपास लागत असतील तर उरतात ६००. इतके कमी सांगणे धोक्याचे, म्हणून अ‍ॅप बायकांसाठी १२००वर थांबते. चौसष्टवालीही तिथेच अडते आणि ऐंशीवालीही.

आता तुमचे गणित. १९९० साली आलेले मिफ्लिन-सेंट जिओर नावाचे सूत्र आम्ही वापरतो. वजन गुणिले १० झाले ७२०. उंची गुणिले ६.२५ झाले ९६९. वय गुणिले ५ म्हणजे २१५, ते वजा. बायकांसाठी आणखी १६१ वजा (पुरुषांना तिथे उलट ५ मिळवायचे). येतात १३१३. म्हणजे दिवसभर नुसते पडून राहिलात तरी हृदय, मेंदू, मूत्रपिंड एवढे मागणार. तुम्ही त्याहून कमी खात होता आणि वर पणजीपर्यंत ये-जा.

हालचालीसाठी याला गुणायचे. दिवसभर बसूनच असाल तर १.२, थोडे चालणे असेल तर १.३७५. म्हणजे १५७५ ते १८०५. तुम्ही मधे कुठेतरी, म्हणून १७०० म्हटले. त्यातून तीनशे-साडेतीनशे काढा. १४००च्या आसपास सुरुवात करा. आठवड्याला पाव किलो, कधी थोडे जास्त. पर्यायात जो पाव किलो तुम्ही हसून सोडलात, तोच तुमचा होता.

पहिले दोन किलो बहुतेक पाणीच. शरीर साखरेचा जो साठा ठेवते त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी केले की आधी ते जाते, पोटभर जेवलात की परत येते. केस गळणेही अशा एकदम कमी खाण्यानंतर दोन-तीन महिन्यांनी दिसते, पण तुमचे त्याआधीच सुरू झाले, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एकदा बघून घ्या. आणि चक्कर परत आली तर डॉक्टर, भजीवाला नव्हे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, पोटात किंवा अंगावर पिणारे बाळ असेल, तर असली गणिते घरी करू नका.

रापणकार (१५ जून, दुपारी १:०२)

मास्तर लोक, फेणी कुठल्या खात्यात लिहायची? फळ की औषध?

उसगावचा ट्रकवाला (१५ जून, रात्री ९:२०)

रापणकारा, तुझे आधी घे. साठ मिली फेणीत सुमारे १४० कॅलरी. मद्याच्या ग्रॅमला सात पडतात, साखरेला चार. दोन पेग म्हणजे दोन बांगडे, आणि त्यात काटाही नाही.

वहिनी, मी ९४ वरून ८३ वर आलो, सव्वा वर्ष लागले. खाणी बंद झाल्यापासून ट्रक उभा, मी बसलेला, पोट पुढे चाललेले. माझीही अ‍ॅपशी अशीच मारामारी झाली. खोट माझ्या लिहिण्यात निघाली. तुम्ही स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या, डिजिटल. म्हापशाच्या बाजारात मिळतो, नाहीतर ऑनलाइन. आणि आठ दिवस काहीही कमी न करता नुसते मोजा.

मला तीन ठिकाणी धडा मिळाला. एक, भात. उकडा तांदूळ कच्चा १०० ग्रॅम म्हणजे साडेतीनशे कॅलरी, शिजला की तोच अडीच-तीन पट जड होतो. मी वजन कच्च्याचे करायचो आणि अ‍ॅपमध्ये शिजलेल्याचे नाव दाबायचो. महिनाभर निम्म्याहून जास्त भात हिशेबातून गायब!

दुसरे तेल. ते ताटात दिसत नाही म्हणून कोणी लिहीत नाही. माझ्या बायकोने तर ‘एवढेसे’ असे माप ठेवलेले. शेवटी महिन्याचा हिशेब लावला. चार लिटर तेल, खाणारे चार. माणशी दिवसाला तीस ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. रव्यात घोळून तळलेला मासा तर आमच्या घरी तव्यात पोहतोच.

तिसरे नारळ, पण ते तुम्ही स्वतः मोजा. मी सांगितले तर तुमच्या सासूबाई मला घरात घेणार नाहीत.

पेडण्याचे मास्तर (१६ जून, सकाळी ६:५०)

आहारवाली बाईंचे गणित बरोबर आहे, फक्त त्यावर देवासारखा विश्वास ठेवू नका. सूत्र सरासरी माणसासाठी असते, आणि सरासरी माणूस मी चौतीस वर्षे शिकवूनही वर्गात पाहिला नाही. तुमचा खरा आकडा शोधायचा तर दोन आठवडे प्रामाणिकपणे लिहा आणि रोज सकाळी, शौचानंतर, चहाआधी वजन करा. रोजच्या आकड्याकडे बघू नका. सात दिवसांची सरासरी काढा. दोन आठवड्यांत सरासरी हलली नाही, तर जेवढे लिहिलेत तेवढेच तुम्हाला लागते. सुक्या माशाचे मीठ, पाळी, अपुरी झोप यांनी काटा एका दिवसात किलोभर वर जातो. ती चरबी नसते.

उपाशी माणूस भज्यांवर का तुटून पडतो याबद्दल. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. रोज १६००च्या आसपास कॅलरी आणि भरपूर चालणे. ते धडधाकट तरुण दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले, पाककृती वाचत बसले. तुम्ही तर १२००वर होता. तेव्हा त्या पाच भज्यांबद्दल स्वतःला बोल लावू नका.

जायांची वेणी (३० जून, रात्री ११:०५)

सगळ्यांचे आभार. देव बरे करो.

काटा आणला. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारले, सोने तोलणार काय? मी म्हटले, नारळ. त्या आदोळीवर (खवणी असलेल्या विळीवर) बसल्या होत्या. एक कवड (अर्धा नारळ) खवून झाली, मी ताटली काट्यावर ठेवली. १३० ग्रॅम. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅमला साडेतीनशे धरल्या तरी साडेचारशेच्या वर कॅलरी, आणि हे फक्त हुमणाचे. किसमुराला आणखी अर्धी कवड. मी इतके दिवस अ‍ॅपमध्ये ‘फिश करी, एक वाटी’ असे लिहून मोकळी होत होते. त्यांची वाटी कुठली, कोण जाणे. आमच्यात वाटीने हुमण घेतात तरी का? भातावर ओततात, मग परत ओततात.

ट्रकवाले भाऊ, तेलाचा हिशेब लावला. आमचेही चार लिटर. नवरा म्हणाला, पाहुणे येतात ना. महिन्यात एकदा आलेले दोन पाहुणे!

मास्तर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे काही कमी न करता लिहिले. भजीसुद्धा. चौदा दिवसांची सरासरी १७८० निघाली आणि वजनाची साप्ताहिक सरासरी ७१.६ वरून ७१.५. म्हणजे ‘१२००वर’ असताना मी बहुधा दिवसा ८०० आणि रात्री ९०० खात होते. भूक खरी होती, आकडा खोटा होता. हे कळल्यावर रागच आला, कोणाचा ते ठरवता आले नाही.

उद्यापासून १४५० धरते. आहारवाली ताई, थोडे वर ठेवले तर चालेल ना? आणि हिमोग्लोबिन १०.८ आले, फेरिटिनही कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात.

मडगावची आहारवाली (१ जुलै, सकाळी ७:५०)

धावेल! तुमच्या स्वतःच्या मोजमापातून आलेला १४५० माझ्या सूत्रातल्या १४००पेक्षा भरवशाचा. फक्त तो दिवसभर नीट वाटा. सकाळी अर्ध्या पोईबरोबर दोन अंडी घ्या, चारच्या आधी मूठभर चणे. रोज सत्तर ग्रॅम प्रथिनांच्या जवळ जायचे आहे. सोमवारी शिवराक (शाकाहारी जेवण) असेल तर त्या दिवशी मूग, चवळी, दही यांचे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर सोमवार नुसता भात-पापडावर जातो.

जायांची वेणी (२३ जुलै, रात्री ९:३०)

तीन आठवडे झाले. सरासरी ७१.५ वरून ७०.६. ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितले तर म्हणाली, एवढ्यात नऊशे ग्रॅमच? मी तिला सांगितले, अर्ध्या भोपळ्याएवढे वजन अंगावरून उतरलेय, जरा हातात धरून बघ.

काय केले ते सांगते. हुमण तेच, नारळही तेवढाच, कारण सासूबाईंच्या नारळाला हात लावायची माझी टाप नाही. पण ते आता तीन वाट्यांत नाही, एका वाटीत घेते आणि भात आधी तोलून वाढते. सोलकढीऐवजी आठवड्यातून चार दिवस फुटी कढी, नारळाच्या दुधाशिवाय. सोले, लसूण, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. तेलाच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या, आठवड्याला एक रेघ. या महिन्यात अडीच लिटरवर आलोय. मुलाने एकदा रात्री ऑम्लेट करून रेघ ओलांडली, त्याची चौकशी चालू आहे.

चक्कर परत आली नाही. चार वाजता पर्समधले चणे खाते. मंगळवारी मुद्दाम त्या भजीवाल्याकडे थांबले, दोन भजी घेतल्या, कागदावर ठेवून खाल्ल्या आणि लिहिल्याही. त्याने विचारले, आज स्टूल नको?

आता खरी अडचण. एक ऑगस्टला मासेमारी सुरू होतेय, आणि त्यानंतर चतुर्थी. नेवऱ्या (करंज्या) घरी दीडशे होतात. ओले खोबरे, गूळ, तळण, सगळे एकातच. एका नेवरीत किती धरायच्या? यंदा सारण भरायच्या आधी मी काटा घेऊन बसणार आहे, सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.